जिम कॉलिन्सची पुस्तकं: आधी कोणतं वाचायचं आणि रिव्ह्यू कसा तपासायचा?

वाचनावरचा व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो, "सर, जिम कॉलिन्सची एवढी पुस्तकं आहेत, सुरुवात कुठून करू?" दुकान वाढवल्यावर रात्री जेमतेम अर्धा तास मिळतो तुम्हाला. तो नको त्या पुस्तकावर गेला की दोन महिने जातात आणि वाचनच सुटतं.

बहुतेक जण छापल्याच्या वर्षाप्रमाणे जातात. 'बिल्ट टू लास्ट' १९९४ चं, 'गुड टू ग्रेट' २००१ चं, मग २००९ चं 'हाउ द माइटी फॉल' आणि २०११ चं 'ग्रेट बाय चॉइस'. आता गंमत बघा. 'गुड टू ग्रेट'मध्ये कॉलिन्सच सांगतो की हे पुस्तक 'बिल्ट टू लास्ट'च्या पुढचं नाही, आधीचं समजा. बरोबरच आहे. आधी साधी कंपनी उत्तम कशी होते ते, मग ती पिढ्यान् पिढ्या टिकते कशी ते.

पण चार माणसांच्या दुकानाला मी तिथूनही सुरुवात करायला सांगणार नाही. 'गुड टू ग्रेट'साठी त्याच्या टीमने १,४३५ कंपन्या चाळून ११ निवडल्या, सगळ्या अमेरिकन शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्या. लहान-मध्यम धंद्यासाठी त्याने १९९२ सालीच बिल लेझिअर या आपल्या गुरूबरोबर 'बियॉन्ड आंत्रप्रेन्युअरशिप' लिहिलं होतं. २०२० मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली, 'बीई २.०' नावाने. तुमचं पहिलं पुस्तक हे.

आता रिव्ह्यू. स्टार मोजण्याआधी तारीख बघा. 'गुड टू ग्रेट'च्या त्या ११ मध्ये सर्किट सिटी ही इलेक्ट्रॉनिक्स दुकानांची साखळी होती. नोव्हेंबर २००८ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, २००९ मध्ये शटर खाली. त्याच यादीतली फॅनी मे २००८ मध्येच सरकारच्या ताब्यात गेली. २००२ च्या रिव्ह्यूत हे कुठून असणार? पण आज कोणी या पुस्तकाचं भरभरून कौतुक करतोय आणि सर्किट सिटीचं नावही काढत नाही, तर तो रिव्ह्यू सोडून द्या. आपण रिटेलवाले, आपल्याला तेच आधी कळायला हवं.

म्हणूनच 'गुड टू ग्रेट'नंतर लगेच 'हाउ द माइटी फॉल' घ्या. मोठ्या कंपन्या पाच टप्प्यांत कशा घसरतात, ते त्यात आहे. पहिला टप्पा यशाचा माज. (आपल्या बाजारपेठेतले दोन-तीन चेहरे लगेच आठवतील!)

बाकी, "मस्त पुस्तक, पॅकिंग छान" हा रिव्ह्यू कुरिअरचा आहे. मी तीन स्टारवाले आधी वाचतो. काय पटलं आणि काय नाही, दोन्ही तिथे सापडतं. मराठी अनुवाद घेणार असाल तर अजून एक. ऑनलाइन बऱ्याचदा मूळ पुस्तकाचे आणि अनुवादाचे रिव्ह्यू एकाच ठिकाणी पडतात, त्यामुळे भाषा कशी आहे ते नमुन्याची पानं वाचूनच ठरवा.

चौथं 'ग्रेट बाय चॉइस'. 'बिल्ट टू लास्ट' सगळ्यात शेवटी, दुकान पुढच्या पिढीकडे द्यायचा विचार सुरू झाला की. पाचही आणलीत तर किमतीचं लेबल लावतो तसं प्रत्येकाच्या पाठीवर १ ते ५ आकडा टाका, आणि स्टाफपैकी कोणी वाचायला मागितलं तर १ नंबर हातात द्या.