डोळ्यांची खाज आणि कॉन्टॅक्ट लेन्स

ऊसनोंदीला बांधोबांध फिरताना आम्हीही कॉन्टॅक्ट लेन्स लावीत असू. गाजरगवत फुलले की डोळ्यांना खाज सुटायची. आम्ही डोळे चोळायचो, वर लेन्स विहिरीच्या पाण्याने धुवायचो. शुद्ध अडाणीपणा! पराग लेन्सला चिकटून बसतात. म्हणून खाज सुटताच लेन्स काढावी, चष्मा लावावा, मिटल्या डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवावी. लेन्सला साधे पाणी लावूच नये; त्यातील अमिबामुळे बुबुळाला जखम होऊ शकते. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणू नका, काचबिंदूचा धोका असतो. डोळा दुखू लागला, उजेड सोसेना, तर नुसती ॲलर्जी समजू नका. ऊसतोड चालू असली तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. उसाचे पाते लागले असेल तर तेही सांगा. त्या जखमेत बुरशी वाढू शकते.