मूर्तीमागील साचा

रायगड जिल्ह्यातील पेण शहरात आणि लगतच्या हमरापूर, जोहे, कळवे या गावांत गणेशमूर्ती घडविण्याचे काम वर्षभर चालू असते. पाहणाऱ्याच्या नजरेत मूर्तीचे रंग भरतात, डोळ्यांची आखणी भरते; साचा मात्र कारखान्याच्या कोपऱ्यातच राहतो. वस्तुतः मूर्ती कोणत्या द्रव्याची करावयाची, हा प्रश्न बव्हंशी साच्यापाशीच सुटतो किंवा अडतो. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुधारित मार्गदर्शक तत्त्वांद्वारे प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली, तेव्हा या परिसरातील कारागिरांपुढे प्रथम उभी राहिली ती हीच अडचण.

प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेले जिप्सम होय. हे खनिज आपल्याकडे मुख्यत्वे राजस्थानातून येते. सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले असता त्यातील तीन चतुर्थांश पाणी निघून जाते व पांढरी भुकटी उरते. तीत पाणी कालविताच ती गेलेले पाणी परत घेते, गरम होते आणि थोड्याच मिनिटांत घट्ट बनते. घट्ट होताना ती आकसत नाही, उलट किंचित फुगते. म्हणून साच्यातील बारीक रेषाही तीवर नेमकी उमटते. या रासायनिक क्रियेस १०० किलो प्लॅस्टरमागे १९ किलोंच्या आसपास पाणी पुरते. परंतु ओतण्याजोगे पातळ मिश्रण व्हावे म्हणून त्याच्या तिपटीहून अधिक पाणी घालावे लागते. हे जादा पाणी पुढे सुकून जाते व आपल्या जागी असंख्य सूक्ष्म छिद्रे सोडून जाते.

या छिद्रांतच प्लॅस्टरच्या साच्याचे मर्म आहे. ओली शाडू माती अशा साच्यात बोटांनी दाबून बसविली म्हणजे साचा तिच्यातील पाणी शोषून घेतो. साच्यालगतचा थर प्रथम आवळतो, माती किंचित आकसते आणि साच्यापासून आपोआप सुटते. काही वेळाने साच्याचे तुकडे एकेक करून काढले की आकार हाती येतो.

रबराच्या साच्याची गोष्ट निराळी आहे. मूळ मूर्तीवर रबराच्या चिकाचे थरावर थर देऊन, प्रत्येक थर वाळवून तो तयार करतात. आकार टिकावा म्हणून बाहेरून प्लॅस्टरचे वा फायबरचे कवच बसवितात. सोंडेचा वळसा, दागिन्यांच्या खाचा अशा अडचणीच्या जागीही रबर ताणून सोलता येते. त्यामुळे साच्याचे अनेक तुकडे करावे लागत नाहीत. आत प्लॅस्टर ओतावे, काथ्याने बळकटी द्यावी आणि घट्ट होताच मूर्ती काढून साचा पुढच्या मूर्तीस घ्यावा, असा हा वेगाचा क्रम आहे. मात्र रबर पाणी शोषत नाही. त्यात शाडू भरली तर ती साच्याच्या बाजूने ओलीच राहते, आणि रबर सोलताना नाक, बोटे यांसारखे नाजूक भाग ओढले जातात. शाळांतील कार्यशाळांत रबरी साच्यातून मूर्ती बिघडून निघाली, तर तो दोष मुलांच्या हातांचा खचितच नव्हे.

तेव्हा प्लॅस्टरऐवजी शाडू घ्या असे कारागिरास सांगणे म्हणजे केवळ माती बदलण्यास सांगणे नव्हे. रबरी साच्यांत गुंतविलेला पैसा अडकून पडतो, तुकड्यांचे नवे साचे करावे लागतात. शाडूची मूर्ती जड व ठिसूळ. ती वाळण्यास दिवस लागतात, आणि कोकणातील पावसाळ्यात तर वाळवणीस छप्पर व खेळती हवा अत्यावश्यक ठरते. साचाही दमतो. चारसहा मूर्तींनंतर तो पाण्याने भरला म्हणजे पुन्हा वाळवावा लागतो, तोही मंद उष्णतेवर. घाई करून चुलीजवळ ठेवल्यास जिप्सममधील बांधलेले पाणी निघून साचा भुसभुशीत होतो.

जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लॅस्टरच्या मूर्ती घडविण्यास व विकण्यास मुभा दिली. नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनावर मात्र बंधन ठेवले. यामागील कारण साधे आहे. घट्ट झालेले प्लॅस्टर एक लिटर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम विरघळते. शाडू पाण्यात सुटी होऊन तळाशी बसते, प्लॅस्टरचे अवयव मात्र तसेच राहतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय पुढे आणला. त्याच्या द्रावणात प्लॅस्टरचे रूपांतर चुनखडीच्या भुकटीत होते व अमोनियम सल्फेट हे खत पाण्यात उतरते. लहान घरगुती मूर्तींस हा उपाय सोयीचा आहे.

प्लॅस्टरची मूर्ती पाण्यास नकोशी असली तरी शाडूच्या मूर्तीस प्लॅस्टरचा साचा हवाच, हे ग्रामपंचायतींनी नियमांची अंमलबजावणी करताना ध्यानी घ्यावे. कारखान्यात प्लॅस्टरची पोती दिसली एवढ्यावरून तेथे प्लॅस्टरच्याच मूर्ती होतात असे ठरविता येत नाही. झिजलेले व फुटलेले साचे मात्र ओढ्यानाल्यांत न टाकता एका ठरलेल्या कोरड्या जागी साठविले जातात की नाही, हे जरूर पाहावे. कारण पाण्यात गेल्यावर साच्याचा तुकडा आणि मूर्तीचा तुकडा यांत काही भेद उरत नाही.