तळ्यांतील कासवें व पोटखराब्याची माती

कासवी आपल्या पिलांस केवळ दृष्टीनें पोसते, हा समज संतवाङ्मयांतील दृष्टान्तामुळें आपल्याकडे घरोघर पोहोंचला आहे. भक्तीचा दृष्टान्त म्हणून तो गोडच आहे. परंतु शेतकऱ्यानें तो प्राणिशास्त्र म्हणून घेतल्यास त्याची फसगत होईल. वास्तविक कासवी पाण्याबाहेर येते, काठच्या मातींत मागच्या पायांनीं खळगा करिते, त्यांत अंडीं घालून माती लोटते आणि पुन्हां पाण्यांत निघून जाते. पिलें बाहेर पडतात तेव्हां ती जवळपासहि नसते. अंड्यांस ऊब द्यावयाची व ओल राखावयाची, हें सर्व काम काठच्या मातीचें आहे. यास्तव ज्याच्या जमिनीस तळें, ओढा किंवा नदी लागून आहे, त्याच्या हातीं कासवांचें बरेंवाईट पुष्कळच आहे.

आपण सर्वांस सरसकट कासव म्हणतों. परंतु भारतांत जमिनीवरील व गोड्या पाण्यांतील मिळून सुमारें २९ जाती आहेत. आमच्या भांडुपच्या पश्चिमेस डोंगराकडे विहार, तुळशी व पवई हीं तीन तळीं. पूर्वेस मिठागरें व खाडी. खाडीचें खारें पाणी या कासवांच्या कामाचें नाहीं. त्यांची वस्ती तळ्यांकडे, आणि पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं तेव्हां तेथेंहि.

या बाजूस मुख्यतः दिसतें तें मऊ पाठीचें, झडपांचें कासव. शास्त्रीय ग्रंथांत यास लिसेमिस पंक्टाटा म्हणतात. पाठ वाटोळी, हिरवट-तपकिरी व कातडीनें मढविलेली. बोटास खवले लागत नाहींत. पोटाच्या मागील अंगास दोन कातडी झडपा असतात, आणि मागचे पाय आंत ओढून घेतल्यावर त्या दाराप्रमाणें मिटतात. ही सोय भारतांतील इतर मऊ पाठीच्या कासवांस नाहीं. लांबी वीत-दीड वीत. बेडूक, गोगलगाई, किडे, मासे, पाणवनस्पति, तसेंच मेलेलें जनावर, सर्व कांहीं यास चालतें. माशांचें पीक घेणारे याचा राग करितात, व तें थोडेंबहुत मासे खातें हें खरें; पण तळ्यांत मेलेलें व कुजणारें तेंच संपवितें, हें जमाखर्चांत धरावयास नको काय?

उन्हाळ्यांत पाणी आटलें म्हणजे हें कासव चिखलांत शिरून स्वस्थ पडून राहतें व पाऊस पडल्यावर वर येतें. नेमकें याच दिवसांत आपण तळ्यांचा गाळ काढितों. २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना काढली. गाळ शेतांत पडतो हें उत्तमच, त्यास आमचा मुळींच विरोध नाहीं. मात्र पोकलेन यंत्राच्या एका घांसांत काय काय आलें, हें चालकास दिसत नाहीं. एका काठाशीं ओलसर गाळाची पट्टी न उकरितां ठेवावी, आणि कामांत कासव सांपडल्यास त्या पट्टींत सोडावें. हाताळतांना तोंडापासून बोटें दूर ठेवावीं. मऊ पाठीचें कासव कडकडून चावतें. प्लॅस्टिकचा कागद घातलेल्या शेततळ्यांत पडलेला प्राणी त्या निसरड्यावरून वर चढूं शकत नाहीं. तेव्हां एका कोपऱ्यास जुनीं गोणपाटें बांधून सोडावीं.

दुसरें तें काळें, टणक पाठीचें कासव. याच्या पाठीवर लांबीनें तीन धारा असतात. हें बहुधा रात्रीं हिंडतें व जमिनीवरहि बरेंच चालतें.

देशावरील वाचकांस तिसरी जात माहीत असेल. भीमा, कृष्णा, गोदावरी यांच्या पाण्यांत मऊ पाठीचें एक मोठें कासव राहतें. लहानपणीं त्याच्या पाठीवर डोळ्यांसारखे ठिपके असतात. १८७२ सालीं जॉन एडवर्ड ग्रे यानें पुण्याकडील नमुन्यावरून त्याचें वर्णन केलें व मुंबईचे डॉक्टर लीथ यांचें नांव त्यास दिलें. आज ही जात अत्यंत धोक्यांत असल्याचें जागतिक यादींत नोंदलें आहे, आणि २०२२ सालीं भारताच्या मागणीवरून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास कडक बंदी झाली. आमच्या तळ्यांतील झडपांचें कासवहि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे. तें पकडणें, मारणें, विकणें वा घरीं पाळणें गुन्हा आहे. देवळांत शिरतांना दगडी कासवास नमस्कार करणाऱ्यांनीं तरी हें ध्यानांत ठेवावें.

आमची हयात मुलकी दप्तरांत गेली. सात-बाराच्या उताऱ्यावर विहीर येते, झाड येतें; तळ्याकाठची पडीक पट्टी मात्र पोटखराबा म्हणून एका आंकड्यांत उरकली जाते. कासवांचा संसार होतो तो या पोटखराब्यांत! काठ दगडांनीं बांधून काढला, कीं कासवीस खळगा करण्यास माती उरत नाहीं. पवई तळ्याच्या काठीं दगड रचून सायकलमार्ग होऊं लागला होता. २०२२ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तें काम बेकायदेशीर ठरविलें व जागा पूर्ववत् करण्यास सांगितलें. शेतकऱ्यास बांध बळकट करणें भाग असतें, हें आम्ही जाणतों. तरी पाण्याकडे उतरणारा एखादा मातीचा उतार मोकळा राखल्यास पिकाचें कांहीं जात नाहीं.

शहरालगतच्या तळ्यांत हल्लीं एक परकें कासवहि दिसतें. कानाच्या जागीं तांबडा पट्टा, ही त्याची खूण. हें मूळचें अमेरिकेंतील. बाजारांत रुपयाएवढें पिलूं विकत मिळतें, तें वाढून ताटलीएवढें झालें म्हणजे हौस फिटते व धनी पुण्य समजून तळ्यांत सोडितो. खाणें व उन्हें खाण्याची जागा यांसाठीं तें देशी कासवांशीं झगडतें. शेततळ्यांत तें कोणी आणून सोडूं लागल्यास सोडूं देऊं नये.

नांगरतांना किंवा बांध खणतांना कासवाचीं अंडीं उघडीं पडल्यास तीं उचलूं नयेत. वर माती लोटून खूण करावी व वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावें. अंडें उलटेंपालटें झालें तर आंतील जीव बहुधा जगत नाहीं.