रोग्याचे गुपित आणि संगणक

श्रोतेहो, वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा एक वर्गमित्र शिक्षण आटोपून पुण्यात एका कचेरीत कामाला लागला. काम मोठे चमत्कारिक होते. अमेरिकेतले डॉक्टर दिवसभर रोगी तपासत, प्रत्येकाची हकीकत यंत्रात बोलून ठेवत आणि संध्याकाळी घरी जात. तो आवाज इकडे पुण्यात येई. माझा मित्र कानाला यंत्र लावून तो ऐके आणि टंकलिखित करी. तिकडे डॉक्टर सकाळी दवाखान्यात येतात, तो कागद तयार! मी एकदा त्याला विचारले, “काय रे, कंटाळा नाही येत?” तो म्हणाला, “कंटाळा नाही, पण अवघडल्यासारखं होतं. तिकडच्या कुणा माणसाला काय आजार आहे, तो दारू किती पितो, त्याचं बायकोशी पटतं की नाही, सगळं मला कळतं. त्याच्या सख्ख्या भावाला ठाऊक नसेल ते मला ठाऊक. आणि मी कोण, हे त्याच्या स्वप्नातही नाही.”

आज मला याच विषयावर तुमच्याशी बोलायचे आहे. डॉक्टरच्या कानात सांगितलेली गोष्ट संगणकात गेली, की ती कोणाची राहते? तिची राखण कोण करतो? हा प्रश्न अमेरिकेला सर्वांआधी आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर पडला. त्यांनी त्यावर कायदे केले, त्या कायद्यांना ठेचाही लागल्या. त्या ठेचा पाहण्यासारख्या आहेत.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. ताकाला जाऊन भांडे लपवू नये, असे आपण म्हणतो. पण माणूस डॉक्टरपुढे नेमके तेच करतो. मनात एक दुखणे असते आणि तोंडाने दुसरेच सांगतो. का? तर बाहेर कळेल म्हणून! म्हणून तर ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या नावाने चालत आलेल्या शपथेत, रोग्याकडून जे कळेल ते बाहेर बोलणार नाही, असे वचन आहे. हे वचन केवळ सभ्यतेचे नाही. ते उपचाराचाच भाग आहे. गुपित राहील अशी खात्री नसेल, तर रोगी खरे सांगणार नाही. आणि खरे कळले नाही, तर औषध चुकणार. अमेरिकेत याला आणखी एक धार आहे. तिथे पुष्कळ लोकांचा आरोग्यविमा नोकरीच्या मालकामार्फत असतो. तेव्हा आपला आजार मालकाच्या कानावर गेला तर पोटावर पाय येईल, ही भीती तिथे पोकळ नाही.

जोवर केसपेपर कपाटात होता, तोवर कपाटाला कुलूप लावले की काम भागे. मग संगणक आला. न्यूयॉर्क राज्याने 1972 साली एक कायदा केला. ज्या औषधांचे व्यसन लागू शकते, अशा काही औषधांच्या चिठ्ठीची एक प्रत सरकारच्या आरोग्यखात्याकडे जावी आणि रोग्याच्या नावासकट तिची नोंद संगणकात व्हावी, असा तो कायदा. हेतू चांगला होता. चोरटा व्यापार थांबावा. पण रोगी आणि डॉक्टर कोर्टात गेले. “उद्या ही नावे फुटली, तर आम्हाला व्यसनी म्हणतील, या भीतीने काहीजण औषधच घेणार नाहीत,” असे त्यांचे म्हणणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1977 साली न्यायालयाने एकमताने राज्याच्या बाजूने निकाल दिला. कारण नोंदी कुलपात होत्या, खोलीला तारेचे कुंपण होते, धोक्याची घंटा होती आणि पाच वर्षांनी नोंदी नष्ट करायची तरतूद होती. पण अशा अफाट माहितीच्या साठ्यात एक धोका दडलेला आहे, याची जाणीवही न्यायमूर्तींनी त्याच निकालात नोंदवून ठेवली.

मंडळी, कुलूप, कुंपण आणि घंटा! धान्याचे कोठार राखायला एवढे पुरे. पण माहिती ही धान्यासारखी नसते. धान्य चोरीला गेले तर कोठार रिकामे दिसते. माहिती चोरीला गेली तरी कोठार भरलेलेच असते.

याचा एक मासला सांगतो. मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी नोकरांच्या विम्याचे काम पाहणाऱ्या मंडळाने त्यांच्या आजारपणाच्या नोंदी संशोधनासाठी द्यायचे ठरवले. नावे, पत्ते काढून टाकले होते. आता काही भीती नाही, असे राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनीही सांगितले. लटान्या स्वीनी नावाची एक विद्यार्थिनी तेव्हा शेजारच्याच तंत्रविद्यापीठात शिकत होती. तिने 1997 च्या सुमारास केंब्रिज शहराची मतदारयादी वीस डॉलरला विकत घेतली. गव्हर्नरसाहेब त्याच शहरात राहत. यादीत त्यांच्या जन्मतारखेची माणसे निघाली सहा. त्यांत पुरुष तीन. आणि त्यांच्या टपालविभागात राहणारा एकच! झाले. तिने ती खूण नोंदींशी ताडून पाहिली आणि साक्षात गव्हर्नरांच्याच आजारपणाचा कागद हुडकून काढला. नाव पुसले म्हणजे माणूस पुसला जात नाही, एवढे त्या दिवशी अमेरिकेला कळले.

आता मुख्य कायद्याकडे येऊ. 21 ऑगस्ट 1996 रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘हिपा’ म्हणतात. गंमत अशी, की तो मुळात गुपितांसाठी केलेलाच नव्हता. नोकरी बदलली तरी विमा सुटू नये आणि विम्याचे कागद संगणकावरून एकाच नमुन्यात जावेत, हा त्याचा हेतू. पण कागद संगणकावरून धावू लागणार, तर त्यांच्या गुप्ततेचे काय? संसदेने स्वतःला तीन वर्षांची मुदत घालून घेतली. तेवढ्यात कायदा झाला नाही, तर आरोग्यखात्याने नियम करावेत असे ठरले. मुदत उलटली, कायदा झाला नाही. मग खात्याने नियम केले आणि ते एप्रिल 2003 पासून पाळणे बहुतेकांना बंधनकारक झाले.

या नियमांचे सार तीन गोष्टींत सांगता येईल. पहिली, उपचार, पैशाचा हिशेब आणि इस्पितळाचा कारभार अशा ठरलेल्या कारणांपलीकडे रोग्याची माहिती त्याच्या संमतीवाचून बाहेर द्यायची नाही. सार्वजनिक आरोग्य, कोर्टाचा हुकूम अशा काही बाबी तेवढ्या सोडल्या आहेत. दुसरी, माहिती गरजेपुरतीच उघडायची. बिल करणाऱ्या कारकुनाला बिलापुरते दिसावे, रोग्याचे सारे चरित्र नव्हे. तिसरी, रोग्याला स्वतःचा केसपेपर पाहण्याचा आणि त्याची नक्कल मागण्याचा हक्क आहे. शिवाय संशोधनासाठी नोंदी द्यायच्या, तर नुसते नाव पुसून भागत नाही. त्यासाठीच्या एका ठरलेल्या पद्धतीत अठरा प्रकारच्या खुणा काढाव्या लागतात आणि जन्मतारखेचे फक्त वर्ष ठेवता येते. वीस डॉलरच्या मतदारयादीने शिकवलेला हा धडा!

पण नियम झाले म्हणून दोरी पुरली असे नाही. 2003 च्याच ऑक्टोबरात सॅनफ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातील इस्पितळाला कराचीहून एका बाईचा ई-मेल आला. माझा मित्र करत होता तेच काम ती करत होती. तिचे म्हणणे, “माझे पैसे थकले आहेत. ते मिळाले नाहीत, तर तुमच्या रोग्यांचे कागद इंटरनेटवर टाकीन.” इस्पितळाला तर अशी कोणी बाई आपले काम करते हेच ठाऊक नव्हते! त्यांनी काम दिले होते आपल्याच शेजारच्या एका कंपनीला. तिने ते पुढे दिले, त्याने आणखी पुढे, असे हातोहात ते कराचीला पोचले. पैशाचा काही भाग मिळाल्यावर बाईने धमकी मागे घेतली. पण दोष कोणाचा? पैसे बुडवणाऱ्याचा, धमकी देणारीचा, की आपला कागद कुठे जातो हे न विचारणाऱ्याचा? पुढे 2009 च्या कायद्याने आणि 2013 च्या नियमांनी असे कंत्राटदार, आणि त्यांचेही पोटकंत्राटदार, थेट जबाबदार धरले गेले.

त्या 2009 च्या कायद्याने आणखी एक मोठी गोष्ट केली. कागद सोडून संगणक वापरणाऱ्या डॉक्टरांना आणि इस्पितळांना सरकारने अब्जावधी डॉलर दिले. 2008 साली दहांतल्या जेमतेम एका इस्पितळात धड संगणकीय केसपेपर होता. 2015 पर्यंत दहांतल्या आठांहून अधिक इस्पितळांत तो आला. सोबत अट अशी, की माहिती फुटली तर रोग्याला साठ दिवसांच्या आत कळवायचे. आणि एखाद्या राज्यातल्या पाचशेंहून अधिक लोकांची फुटली, तर वर्तमानपत्रांनाही. म्हणजे चोरी झाल्याची दवंडी स्वतःच पिटायची!

ही दवंडी किती मोठी असू शकते, ते फेब्रुवारी 2024 मध्ये दिसले. ‘चेंज हेल्थकेअर’ ही कंपनी औषधाची दुकाने, इस्पितळे आणि विमा कंपन्या यांच्यातली देवाणघेवाण सांभाळते. चोर तिच्या संगणकात शिरले. देशभरातल्या औषधदुकानांत लोक ताटकळले, दवाखान्यांचे पैसे अडकले. चोरांना 2 कोटी 20 लाख डॉलर खंडणी दिली गेली; तरी सुमारे 19 कोटी लोकांच्या माहितीला धक्का लागला तो लागलाच. आणि चोर शिरले कुठून? ज्या दाराला दुसरी कडी असायला हवी होती, त्याला ती लावलेलीच नव्हती. हे मालक कंपनीच्या प्रमुखाने संसदेच्या समितीपुढे कबूल केले.

श्रोतेहो, इथवर चोरीची गोष्ट झाली. पण चोर नसतानाही संगणक घात करू शकतो. 2013 साली सॅनफ्रान्सिस्कोच्याच एका नामांकित इस्पितळात सोळा वर्षांच्या मुलाला एका नेहमीच्या औषधाची एक गोळी द्यायची होती. डॉक्टरने 160 हा आकडा लिहिला. तिच्या मनात होते 160 मिलिग्रॅम. संगणकाने समजून घेतले, वजनाच्या दर किलोमागे 160 मिलिग्रॅम. हिशेब निघाला साडेअडतीस गोळ्यांचा! संगणकाने धोक्याची सूचना दिली होती, बरं का. पण अशा सूचना तिथे दिवसभर येतच असत. ‘लांडगा आला रे आला’ची गत. डॉक्टरने ती दूर सारली, औषध तपासणाऱ्यानेही सारली. गोळ्या यंत्राने बिनचूक मोजल्या. नर्सला शंका आली. पण पाकिटावरच्या पट्ट्या वाचणाऱ्या यंत्राने ‘बरोबर’ म्हटले, आणि तिने आपली शंका गिळली. मुलाला झटके आले. सुदैवाने तो वाचला. यात कायदा कुठे मोडला? गुपित तर फुटले नव्हते. मोडली ती एकच गोष्ट: ‘हे मला पटत नाही’ असे यंत्राला ठणकावून सांगण्याची माणसाची सवय.

आणि यंत्राच्या तोंडून भलताच कोणी बोलत असला तर? ‘प्रॅक्टिस फ्यूजन’ नावाची कंपनी डॉक्टरांना केसपेपरचा संगणकी कार्यक्रम फुकट देत असे. अफूच्या जातीची वेदनाशामके बनवणाऱ्या एका औषध कंपनीकडून तिने जवळजवळ दहा लाख डॉलर घेतले, आणि डॉक्टरच्या पडद्यावर उपचाराच्या सल्ल्याच्या वेषात त्या औषधांचा खप वाढेल अशा सूचना झळकवल्या. या जातीच्या औषधांनी अमेरिकेत लाखो माणसे दगावली आहेत. डॉक्टरला वाटे, हे शास्त्र बोलते आहे. बोलत होता पैसा. जानेवारी 2020 मध्ये हे प्रकरण मिटवण्यासाठी कंपनीला 14 कोटी 50 लाख डॉलर भरणे भाग पडले. शिफारशीसाठी लाच घेऊ नये, हा कायदा तिथे जुनाच आहे. नवे इतकेच, की लाच घेणारा खुर्चीत नव्हता, पडद्याच्या आत होता.

मग कायद्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे. कायद्याने जबाबदारीला नाव-गाव दिले. पण त्याला हद्द आहे. ‘हिपा’ बांधतो तो डॉक्टर, इस्पितळे, विमा कंपन्या आणि त्यांची कामे करणाऱ्यांना. आपण हौसेने मोबाईलमध्ये आपले वजन, साखर, पाळीच्या तारखा भरतो, त्या ठिकाणी हा कायदा बहुधा पोचतच नाही. शिवाय त्याच्या आधारे रोग्याला स्वतः दावा लावता येत नाही. सरकारी कचेरीकडे तक्रार तेवढी करता येते. कायदा कडी लावायला सांगू शकतो. कडी लावायची ती माणसालाच.

आपल्याकडेही केसपेपर हळूहळू संगणकात चालला आहे. सप्टेंबर 2021 पासून देशभर आरोग्याच्या डिजिटल नोंदींची योजना सुरू झाली आणि चौदा आकडी आरोग्य क्रमांक आता पुष्कळांकडे आहे. 2023 साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने संमत केला. तेव्हा कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी तीन प्रश्न विचारायला हरकत नाही: ही माहिती कशासाठी हवी? ती कोणाकोणाकडे जाणार? मला तिची नक्कल मिळेल का? शिक्षकबंधूंनी हे तीन प्रश्न वर्गातही सांगावेत. पोरे घरी जाऊन सांगतात.

आणि माझा मित्र? त्याने ती नोकरी केव्हाच सोडली. परवा भेटला तेव्हा मी त्याला त्या दिवसांची आठवण दिली. म्हटले, “त्यातलं एखादं नाव आठवतं का रे?” तो क्षणभर थांबला. म्हणाला, “आठवतं. पण सांगणार नाही.” त्याच्याकडून हे वचन कोणत्याही कायद्याने घेतलेले नव्हते.