एकशे साठ आणि सत्तर

हातातला संच एका कंपनीचा, मनोरा दुसरीचा आणि ऐकणारा परक्या देशातला; तरीही भ्रमणध्वनीवरील संभाषण सुरळीत होते. याचे श्रेय 'मानका'ला, म्हणजे सर्वांनी आधीच मान्य केलेल्या नियमांना आहे. १९८२ साली युरोपातील टपाल व दूरसंचार प्रशासनांच्या परिषदेने अशा नियमांसाठी एक अभ्यासगट नेमला. त्यातून 'जीएसएम' हे मानक सिद्ध झाले. १९९१ साली फिनलंडमध्ये त्यावरून पहिले संभाषण झाले. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीशी बोलून त्याचा आरंभ केला.

या मानकाची रचना मोठी काटकसरीची आहे. आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करून ते शून्य व एक या दोनच अंकांत मांडले जातात. एकाच वाहक लहरीवर आठ जणांना पाळीपाळीने वेळ मिळतो. ही पाळी सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा फिरते, म्हणून बोलणे तुटल्याचे कानाला जाणवत नाही.

लघुसंदेशालाही अशीच मोजून जागा दिलेली आहे : ११२० अंकस्थाने. मूळ तक्त्यात १२८ खुणा असून प्रत्येकीस सात स्थाने पुरतात. ११२० ला ७ ने भागले की १६० अक्षरे मिळतात. त्या तक्त्यात रोमन लिपीबरोबर ग्रीक लिपीचीही काही अक्षरे आहेत. देवनागरीचे मात्र एकही नाही. तिच्यासाठी प्रत्येक खुणेस १६ स्थाने घेणारी पद्धत वापरावी लागते, आणि १६० ची ७० होतात. त्यातही काना, मात्रा, हलन्त निराळे मोजले जातात. 'स्त्री' हे आपल्या लेखी एक अक्षर. यंत्राच्या हिशेबी सहा. इंग्रजी मजकुरात एकच मराठी अक्षर आले, तरी सबंध संदेशाला सत्तराचेच माप लागते.

रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय जडली, तिच्या कारणांत हेही एक आहे. दोष मराठीचा नव्हता. नियम ठरले तेव्हा आपली लिपी विचारात नव्हती, एवढेच. पुढे मानकात भारतीय लिप्यांचे तक्ते जोडले गेले, आणि आज इंटरनेटवरून जाणाऱ्या संदेशांना सत्तराची अट उरलेली नाही. सवय मात्र उरली आहे.

ज्यांची मुले शाळेत कन्नड, गुजराती वा तेलुगू लिपी गिरवतात, त्या आपल्यासारख्या घरांत घरचा संदेश हेच पुष्कळदा देवनागरीचे एकमेव वाचन असते. तेव्हा निदान नातवंडांना धाडायच्या दोन ओळी तरी आपल्या लिपीतच लिहाव्यात.