जोखमीची समान वाटणी आणि उचलीचा प्रश्न

सन 1917 मध्ये बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उपजीविकेसाठी जे उद्योग करून पाहिले, त्यांत शेअर्सच्या गुंतवणुकीविषयी सल्ला देणारी एक पेढीही होती. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. नोव्हेंबर 1918 मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, हा पुढचा भाग सर्वांना ठाऊक असतो. पेढीचा भाग बहुधा गाळला जातो. गुंतवणूक हा आपला विषय नव्हे, तो जळगावच्या सराफ बाजारातील मंडळींचा, असे आमच्या शिक्षकखोलीत अनेकदा ऐकू येते. ही समजूत इतिहासाला धरून नाही. इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत या विषयावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल, म्हणून एवढा खुलासा.

लेखाचे निमित्त आमचा एक माजी विद्यार्थी आहे. त्याचे आईवडील चाळीसगाव तालुक्यातले. दर दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाणारे. तो आपल्या वसतिगृहात राहून शिकला, अभियंता झाला आणि आज पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करतो. डोक्यावर घराचे कर्ज आहे, धाकट्या बहिणीचे शिक्षण आहे. गेल्या उन्हाळ्यात शाळेत आला तेव्हा त्याने आम्हांस विचारले, "सर, अमेरिकेतल्या एका फंडाविषयी वाचलं आहे. तो पैसा समभाग, रोखे, सोनं यांत जोखमीच्या प्रमाणात वाटतो आणि वर कर्ज काढून गुंतवणूक वाढवतो. गृहकर्जावर वाढीव कर्ज मिळतंय. ते काढून यात टाकू का?" प्रश्न दोन मिनिटांत विचारून झाला; उत्तराला आम्हांस दोन महिने लागले. त्या उत्तराचाच हा विस्तार आहे.

या पद्धतीला 'रिस्क पॅरिटी' म्हणतात. आपण तिला जोखमीची समान वाटणी म्हणू. अमेरिकेतील ब्रिजवॉटर या संस्थेने 1996 मध्ये 'ऑल वेदर' नावाने अशी रचना सुरू केली. 'रिस्क पॅरिटी' हे नाव 2005 च्या सुमारास एडवर्ड चियान या अभ्यासकाने रूढ केले. मूळ विचार मात्र आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. रावेर-यावलच्या पट्ट्यात कुणी चार एकर केळी व एक एकर ज्वारी लावली, तर कागदावर दोन पिके दिसतात. परंतु मे-जूनचे एक वादळ केळीची बाग आडवी करून गेले की त्या घराचे वर्ष गेले. कोपऱ्यातली एकरभर ज्वारी त्याला सावरू शकत नाही. जमिनीची वाटणी चारास एक असली, तरी जोखीम जवळजवळ सगळी केळीवरच असते.

पैशाचेही असेच असते. समजा, समभागांच्या किमतीत वर्षाकाठी 15 टक्क्यांचा चढउतार होतो आणि सरकारी रोख्यांच्या किमतीत 5 टक्क्यांचा, व दोहोंच्या चढउतारांचा एकमेकांशी संबंध नाही. (हे आकडे समजावण्यापुरते धरले आहेत.) शंभर रुपयांपैकी 60 समभागांत व 40 रोख्यांत ठेवले, तर समभागांचा चढउतार 9 रुपयांचा होतो व रोख्यांचा 2 रुपयांचा. परस्परांशी संबंध नसलेल्या चढउतारांची बेरीज करताना त्यांचे वर्ग घ्यावे लागतात: 81 आणि 4. म्हणजे 85 पैकी 81, शंभरातले 95 हिस्से जोखीम एकट्या समभागांची. 'संतुलित' म्हणून विकल्या जाणाऱ्या या रचनेत संतुलन नावापुरतेच आहे.

आता 25 रुपये समभागांत व 75 रोख्यांत ठेवून पाहा. दोन्हीकडचा चढउतार 3 रुपये 75 पैसे, अगदी सारखा. एकूण चढउतार 9.2 टक्क्यांवरून 5.3 टक्क्यांवर उतरतो. इथपर्यंत आम्हांस ही पद्धत मनापासून पटते. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात आणि चौथा संकटकाळासाठी, असे सांगितले आहे. सर्व मिळकत एकाच जागी गुंतवू नये हा विवेक त्यातही आहे.

पण यात एक अडचण आहे. समभागांवर 10 टक्के व रोख्यांवर 6 टक्के परतावा धरला, तर 60-40 च्या रचनेत 8.4 टक्के मिळतात आणि 25-75 च्या रचनेत 7 टक्केच. जोखीम घटली तशी कमाईही घटली. त्यावर या फंडांचा उपाय असा की, 100 रुपयांवर आणखी 75 रुपये कर्जाऊ घ्यायचे आणि 175 रुपये त्याच प्रमाणात गुंतवायचे. चढउतार पुन्हा 9.2 टक्क्यांच्या आसपास येतो आणि कमाई 12.25 रुपये होते. तीतून व्याज वजा करायचे. इंग्रजीत याला 'लीव्हरेज' म्हणतात. ऊसतोडीच्या घरात वाढलेल्या मुलासाठी शब्द शोधण्याची गरज नव्हती. याला उचल म्हणतात.

सारा खेळ या उचलीच्या व्याजावर आहे. व्याज 4 टक्के असेल तर 75 रुपयांवर 3 रुपये गेले, हाती 9.25 उरले, साध्या 60-40 पेक्षा जास्त. व्याज 9 टक्के असेल तर 6.75 गेले, उरले 5.50, कर्ज न काढता मिळणाऱ्या 7 पेक्षाही कमी. मोठ्या फंडांना वायदे-व्यवहारांतून सरकारी व्याजदराच्या जवळपास उचल मिळते. आपल्याला गृहकर्जावरचे वाढीव कर्ज वा वैयक्तिक कर्ज ज्या दराने मिळते, तो सरकारी रोख्यांच्या परताव्याहून चढाच असतो. महाग कर्ज काढून स्वस्त परताव्याचे रोखे घेणे हे गणित कितीही आकडेमोड केली तरी जुळत नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या बेतात तर दुहेरी उचल होती: फंडाची फंडाच्या आत, आणि त्याची स्वतःची बाहेर.

उचलीचा दुसरा दोष व्याजाहून मोठा आहे आणि तो समजण्यासाठी खानदेशचा इतिहास पुरेसा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 नंतर लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा तिकडचा कापूस आटला आणि हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचे मोल आले. रेल्वे नुकतीच खानदेशात पोहोचत होती. जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली ती याच काळात. मुंबईत आलेला पैसा बँका आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या यांच्या शेअर्समध्ये शिरला. बॅक बे कंपनीचे शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पट भावाने विकले जात होते, आणि बँक ऑफ बॉम्बे त्याच शेअर्सच्या तारणावर कर्जे देत होती. 1865 मध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली, कापूस कोसळला. 1 जुलै 1865 हा वायद्यांच्या चुकवणीचा दिवस होता. त्या दिवशी अनेक पेढ्या बुडाल्या. 1868 मध्ये जुनी बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. जळगावच्या पेठेलाही या मंदीचा जबर फटका बसला.

लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, कापूस त्यानंतर नाहीसा झाला नाही. जळगावची पेठ पुन्हा उभी राहिली, गिरण्या आल्या. ज्याने स्वतःच्या पैशाने कापूस धरून ठेवला होता, तो तोटा सोसून का होईना पुढच्या हंगामापर्यंत टिकला. ज्याने उचल घेतली होती त्याला चुकवणीच्या दिवशीच विकावे लागले. किंमत कधी ना कधी सावरते हा भरवसा कर्जदाराच्या उपयोगाचा नसतो, कारण थांबायचे किती हे सावकार ठरवतो. आजच्या फंडात पैसे घालणाऱ्याच्या दारी सावकार येत नाही, त्याचे नुकसान फार तर घातलेल्या रकमेएवढेच होते, हे खरे. परंतु फंडाला आपली उचल आटोक्यात ठेवण्यासाठी पडत्या भावात विकावे लागतेच, आणि तो तोटा गुंतवणूकदाराच्याच वाट्याला येतो.

या पद्धतीची अलीकडची कसोटी 2022 साली लागली. समभाग पडले की रोखे सावरतात, या गृहीतकावर ती उभी होती. त्या वर्षी महागाई रोखण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर शून्याजवळून वर्षअखेर सव्वाचार-साडेचार टक्क्यांपर्यंत नेला. समभागांचा 'एस अँड पी 500' निर्देशांक लाभांश धरूनही सुमारे 18 टक्के घटला आणि रोख्यांचा प्रमुख निर्देशांक सुमारे 13 टक्के. साध्या 60-40 ला सुमारे 16 टक्के तोटा झाला. आमच्या उदाहरणातील 25-75 ला कर्जाविना सव्वाचौदा टक्के झाला असता; पावणेदोन पट उचल घेतली असती तर जवळजवळ 25, वर व्याज वेगळे. प्रत्यक्षातही डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालेल्या 'आरपीएआर' या फंडाचे मूल्य त्या वर्षात एक-पंचमांशाहून अधिक उतरले आणि त्याचाच जास्त उचल घेणारा भाऊ 'यूपीएआर' त्याहून खाली गेला. ज्या व्याजवाढीने रोखे पडले, तिनेच उचलही महाग केली. पंचवीस टक्के गेलेले भरून निघण्यास उरलेल्या रकमेवर तेहतीस टक्के मिळवावे लागतात, हे आमचे सातवीचे विद्यार्थीही सोडवून दाखवतील.

आपल्याकडील कायदा या बाबतीत बराच सावध आहे. म्युच्युअल फंडाला केवळ पैसे परत मागणाऱ्यांची तात्पुरती निकड भागवण्यासारख्या कारणांसाठी कर्ज घेता येते, तेही मालमत्तेच्या 20 टक्क्यांपर्यंत व सहा महिन्यांपुरते. कर्ज काढून गुंतवणूक फुगवणारा म्युच्युअल फंड त्यामुळे येथे होऊ शकत नाही. परदेशात पैसे पाठवण्याची जी मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे, तीतही परदेशी बाजारात मार्जिन भरण्यासाठी रक्कम पाठवण्यास मनाई आहे. मात्र वाटणीचा विचार ज्याला हवा, त्याच्यासाठी 'मल्टी ॲसेट' प्रकारचे फंड आहेत. सेबीच्या नियमानुसार त्यांना किमान तीन प्रकारच्या मालमत्तांत प्रत्येकी निदान 10 टक्के ठेवावे लागतात. जोखमीची ती समान वाटणी नव्हे. समभागांचा वाटा बहुधा मोठा असतो, तो पाहून घ्यावा.

येथे आमच्या शिक्षक बांधवांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी नेमणूक झालेल्यांची जुनी पेन्शन हा एक भलामोठा सरकारी रोखाच आहे. त्यावर पुन्हा पीपीएफ, विमा आणि मुदतठेवी असा सगळा भार ते एकाच बाजूला टाकतात. त्यानंतर आलेल्यांकडे तो रोखा नाही, आणि तरी ते ज्येष्ठांचे पाहून तसेच वागतात. आणखी एक गट आहे, जो दोन टक्के जास्त व्याजासाठी सगळी पुंजी गावच्या एकाच पतसंस्थेत ठेवतो. जळगाव जिल्ह्यात पतसंस्था बुडून कितीजणांच्या मुलींची लग्ने अडली हे आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्या घरातील एक ठेव आजही पावतीच्या रूपात कपाटात आहे. चार पावत्या एकाच संस्थेच्या असतील तर ती वाटणी नव्हे.

मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. त्याच्या बरोबरीने काम करणाऱ्या सहकाऱ्याने हाच फंड घेतला आहे, आणि त्याने घेणे कदाचित योग्यही असेल. त्याच्या वडिलांचे पुण्यात घर आहे, अडचणीला दोन काका आहेत. आपला मुलगा घरातला पहिला पगारदार आहे. त्याची नोकरी सुटली तर मागे आधार नाही, उलट चारजणांचा आधार तोच आहे. पाचपट किमतीचा फ्लॅट पदरच्या एक हिश्शावर घेतला, तेव्हा त्याने आयुष्यातली मोठी उचल आधीच घेतली आहे. ती उचल बरी एवढ्यासाठी की हप्ता भरत राहिल्यास, फ्लॅटचा भाव पडला तरी बँक दुसऱ्या दिवशी पैसे मागत नाही. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत ऋण नसण्याचे सुख मोजले आहे, आणि तो भिक्षू नव्हता, श्रावस्तीचा मोठा व्यापारी होता.

आम्ही त्याला पत्राने कळवले: वाटणी घे, उचल घेऊ नकोस. वाढीव कर्ज काढू नये. प्रथम सहा महिन्यांचा घरखर्च आईच्या नावासह संयुक्त खात्यात ठेवावा, स्वतःचा मुदतीचा विमा व आईवडिलांचा आरोग्यविमा घ्यावा. भविष्यनिर्वाह निधी हा रोख्यांचा भाग समजून दरमहा उरेल त्यातून समभागांचा साधा निर्देशांक फंड व थोडे सोने घ्यावे, आणि वर्षातून एकदा प्रमाण तपासावे. त्याचे उत्तर आले. वाढीव कर्जाचा अर्ज त्याने मागे घेतला आहे. आरोग्यविम्यासाठी वडिलांचे वय किती लिहावे असे त्याने विचारले होते, कारण आधारकार्डावर एक आहे आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे.