घरच्या घरी सुपरचार्जर : आठ गैरसमज आणि वस्तुस्थिती

हातखंब्याहून महामार्गाने पुढे आलं की पाली लागते. इथून एक रस्ता लांज्याकडून गोव्याला जातो, दुसरा नाणीज-साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूर गाठतो. गोव्याकडे निघालेल्या स्पोर्ट्स कार याच नाक्यावरून जातात. इंजिन उतरवून पुन्हा उभं करणारे मेकॅनिक कोकणातल्या गॅरेजांत आहेत आणि पुली कातायला, ब्रॅकेट बनवायला कोल्हापूरचं उद्यमनगर एका दिवसात जाऊन येण्याजोगं आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या तरुण मेकॅनिकला जुन्या छोट्या स्पोर्ट्स कारवर स्वतः सुपरचार्जर बसवावासा वाटला, तर ती हौस जपण्यासारखीच आहे. इंजिन मुळापासून कळण्याचा तो उत्तम मार्ग आहे. मात्र या कामाभोवती ऐकीव गोष्टी फार आहेत आणि त्यांची किंमत पिस्टनला मोजावी लागते. म्हणून एकेक समजूत तपासून पाहू.

हिशेबासाठी गोव्याचीच गाडी घेऊ. सॅन मोटर्सने गोव्यात बांधलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडी. तिची बॉडी फायबरग्लासची आणि इंजिन रेनॉचं, ११४९ सीसीचं. खालचे आकडे तेवढ्या आकाराच्या कोणत्याही पेट्रोल इंजिनाला अंदाजाने लागू पडतात.

गैरसमज १ : सुपरचार्जर आणि टर्बो एकच.

वस्तुस्थिती : दोघांचं काम एकच, सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबायची. फरक आहे तो त्यांना फिरवतं कोण यात. टर्बोला सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर फिरवतो. सुपरचार्जरला इंजिनाचा क्रँक पट्ट्याने किंवा गिअरने फिरवतो, त्यामुळे तो अ‍ॅक्सिलरेटरला लगेच साथ देतो. टर्बोची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांच्या १९०५ च्या पेटंटपासूनची. सुपरचार्जरचं मूळ त्याहून जुनं आहे. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये हवा ढकलणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि ते यंत्र भट्ट्यांना हवा पुरवायला वापरलं जाऊ लागलं. भट्टीचा ब्लोअर कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको. मर्सिडीजने १९२१ मध्ये सुपरचार्जर लावलेल्या मोटारी बाजारासाठी आणल्या.

आज घरच्या प्रकल्पात तीन प्रकार दिसतात. रूट्स प्रकारात दोन रोटर हवा नुसती पुढे ढकलतात. ट्विन-स्क्रू प्रकारात ती आतच दाबली जाते. सेंट्रिफ्यूगल प्रकारात टर्बोसारखं चाक असतं, पण ते पट्ट्यावर फिरतं. पहिले दोन कमी आरपीएमपासूनच दाब देतात, तिसऱ्याचा दाब आरपीएमबरोबर चढत जातो.

दोन्ही पद्धती एकाच यंत्रात पाहायच्या तर कोकण रेल्वेवर धावलेली डब्ल्यूडीपी-४ कुळातली डिझेल इंजिनं आठवा. त्यांचा टर्बो कमी भाराला गिअरवर, म्हणजे सुपरचार्जरसारखा फिरतो. भार वाढून धुराला जोर आला की क्लच सुटतो आणि तो धुरावर चालू लागतो.

गैरसमज २ : ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जर, लावला की ताकद आपोआप वाढते.

वस्तुस्थिती : ताकद जळणाऱ्या इंधनातून येते. हवा फक्त ते इंधन जाळण्याची मुभा देते. साधं पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, तर मिश्रण लीन होतं, ज्वलनाचं तापमान आणि नॉकिंगचा धोका वाढतो आणि पिस्टनचा माथा वितळण्यापर्यंत मजल जाते. सुपरचार्जरच्या इंजिनाला पूर्ण भारावर उलट थोडं रिच मिश्रण द्यावं लागतं. लॅम्डा, म्हणजे प्रत्यक्ष हवेचं पूर्ण ज्वलनाला लागणाऱ्या हवेशी गुणोत्तर, ०.८ च्या आसपास ठेवण्याची रीत आहे, कारण जादा इंधन वाफ होताना आतली उष्णता शोषून घेतं.

म्हणून इंजेक्टर आणि फ्युएल पंप हे या कामाचे पहिले दोन प्रश्न. मूळ इंजेक्टर मूळ ताकदीच्या हिशेबाने निवडलेले असतात. एक तृतीयांश जादा हवा द्यायची, तर तेवढंच जादा पेट्रोल ओतण्याची ऐपत त्यांच्यात असेलच असं नाही. त्यातच आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला सुमारे आठ-नऊ टक्के जास्त इंधन लागतं. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा मोठा, ही नॉकिंगच्या बाबतीत जमेची बाजू. पण जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नसतात, ते बदलूनच पुढे जावं.

गैरसमज ३ : जितकं बूस्ट जास्त, तितकी ताकद जास्त.

वस्तुस्थिती : बूस्ट म्हणजे वातावरणाहून जादा दाब, आणि बूस्ट गेज तो दाबच दाखवतो. इंजिनाला हवं असतं हवेचं वजन. हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. सायकलचा पंप मारताना त्याचं टोक गरम लागतं, तेच इथे मोठ्या प्रमाणावर घडतं.

आकड्यांत पाहू. पालीत उन्हाळ्याच्या दुपारी बॉनेटबाहेर ३५ अंश सेल्सिअस आहे असं धरा. ०.४ बार बूस्ट दिलं, म्हणजे दाब १.४ पट झाला. साध्या रूट्स ब्लोअरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर हवा सुमारे ५२ अंशांनी तापून ८७ अंशांवर जाते. आता वजनाचा हिशेब केला तर हवा ४० टक्के वाढलेली नसते, वाढते जेमतेम २० टक्के. हीच हवा इंटरकूलरमधून ५० अंशांपर्यंत थंड करून घेतली, तर वाढ ३३ टक्क्यांपर्यंत जाते. गेजवरचा आकडा तोच, मिळकत दीडपटीहून जास्त. शिवाय थंड हवेने नॉकिंगही मागे हटतं. ज्याला ताकद हवी त्याने छोटी पुली लावून बूस्ट चढवण्याआधी इंटरकूलरवर खर्च करावा.

कोकणात आणखी एक वजावट आहे. ३३ अंश तापमान आणि ८० टक्के दमटपणा असेल, तर हवेच्या दाबातला जवळपास चार टक्के वाटा पाण्याच्या वाफेचा असतो. तेवढी कोरडी हवा आणि तेवढा ऑक्सिजन कमी. थंड कोरड्या देशातल्या किटच्या जाहिरातीत छापलेली अश्वशक्ती इथे तशीच मिळेल, ही अपेक्षा ठेवू नये.

गैरसमज ४ : सुपरचार्जरची ताकद फुकट येते.

वस्तुस्थिती : हवा दाबायला लागणारं काम क्रँककडूनच घेतलं जातं. आपल्या ११४९ सीसीच्या इंजिनाला ६००० आरपीएमवर वरच्याइतकं बूस्ट द्यायचं, तर नुसती हवा दाबण्यात पाच अश्वशक्तीच्या आसपास खर्ची पडते. बेअरिंग, गिअर आणि पट्ट्याचं घर्षण त्यावर वेगळं. हा सगळा भार पट्टा ओढतो. पुल्या एका रेषेत नसतील किंवा ब्रॅकेट लवचीक असेल, तर पट्टा घसरतो, तापतो, उडतो. त्याच पट्ट्यावर वॉटर पंप असेल, तर गाडी रस्त्यातच उकळते. घरच्या कामात ब्रॅकेटची जाडी आणि पुल्यांची सरळ रेष यांवर दिलेला वेळ कधी वाया जात नाही. हळू चालवताना भार कमी राहावा म्हणून बायपास व्हॉल्व्ह लागतो. तो गाळून पैसे वाचवू नयेत.

गैरसमज ५ : इंजिन चांगलं चालतंय, म्हणजे ते बूस्ट सोसेल.

वस्तुस्थिती : चांगलं चालणं आणि जादा दाब सोसणं या वेगळ्या परीक्षा आहेत. याचा दाखला मराठी घराण्याच्या गाडीतच आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांच्यासाठी १९३५ च्या सुमारास अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे तयार झाली आणि लंडनच्या गर्नी नटिंगने तिची बॉडी बांधली. साध्या ड्यूसेनबर्गची ताकद कंपनी २६५ अश्वशक्ती सांगत असे, सुपरचार्जर लावलेल्या एसजेची ३२०. पण कंपनीने नुसता ब्लोअर जोडला नव्हता. मूळच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या कनेक्टिंग रॉडऐवजी पोलादी नळीचे रॉड घातले, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगही जास्त ताकदीच्या घेतल्या. ज्यांनी इंजिन स्वतः घडवलं, त्यांनाही आतले भाग बदलावे लागले.

घरी सुरुवात करताना आधी प्रत्येक सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीक-डाउन टेस्ट करा. चारही सिलिंडर जवळपास सारखे हवेत. मग कॉम्प्रेशन रेशो पाहा. तो जितका जास्त, तितकी बूस्टला जागा कमी, कारण नॉकिंग लवकर येतं. नॉकिंगमध्ये ठिणगीने पेटलेली ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण एकदम भडकतं. त्या धक्क्याने पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो, हेड गास्केट जातं. बूस्टमध्ये ठिणगीची वेळ मागे घ्यावी लागते ती यासाठी. इंजिनाच्या आवाजात आणि रस्त्याच्या गोंगाटात नॉकिंग कानाला कळेलच असं नाही, म्हणून केवळ कानावर विसंबू नये.

गैरसमज ६ : रेसच्या गाड्यांना ब्लोअर असतो, म्हणजे तो लावला की गाडी जिंकते.

वस्तुस्थिती : सर्वांत प्रसिद्ध ब्लोअर गाडीची कहाणीच याच्या उलट आहे. साडेचार लिटरच्या बेंटलीला सुपरचार्जर लावायचा आग्रह शर्यतपटू टिम बर्किन यांचा होता. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना तो मान्य नव्हता, ताकदीसाठी मोठं इंजिन घ्यावं असं त्यांचं मत. १९३० च्या ल मान्स शर्यतीत बर्किन यांच्या संघाच्या ब्लोअर बेंटली वेगाने धावल्या, पण शेवटपर्यंत टिकल्या नाहीत. जिंकली ती सुपरचार्जर नसलेली बेंटली स्पीड सिक्स, जी आदल्या वर्षीही जिंकली होती. ब्लोअरची प्रतिमा त्यामुळे पुसली गेली नाही, पण चोवीस तास उष्णता सोसणं ही स्वतंत्र कसोटी आहे हे सिद्ध झालं. आंबा घाटाच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये लागोपाठ भार देणं ही त्याच जातीची छोटी कसोटी. रेडिएटर, पंखा, कूलंट आणि इंजिन ऑइल यांचा विचार ब्लोअरइतकाच महत्त्वाचा.

गैरसमज ७ : किट आणलं की दोन सुट्ट्यांत काम उरकतं.

वस्तुस्थिती : नटबोल्ट लवकर बसतात. वेळ जातो तो ट्यूनिंगमध्ये. मूळ ईसीयूच्या कोष्टकात वातावरणापेक्षा जास्त दाबाच्या रकान्यांची सोय बहुधा नसते. मॅप सेन्सरही तितका दाब मोजणारा हवा. मूळ ऑक्सिजन सेन्सर साधा असेल, तर तो मिश्रण लीन की रिच एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. तेवढ्यावर बूस्टचं ट्यूनिंग करणं म्हणजे अंदाजाने चालणं. त्यासाठी वाइडबँड लॅम्डा मीटर लागतो. डायनोवर कमी भारापासून एकेक पायरी चढत इंधन आणि ठिणगीचे आकडे भरायचे, प्रत्येक धाव नोंदवायची. दाबात फुगून निसटणारा एखादा होसपाइपसुद्धा सगळा हिशेब चुकवतो, म्हणून प्रत्येक जोडावर चांगला क्लॅम्प हवा. इंजेक्टर-पंप बदलताना बॅटरीची तार काढलेली असावी, इंधनाच्या लाइनमधला दाब आधी सोडलेला असावा, अग्निशामक हाताशी असावा आणि गॅरेज उघडं-हवेशीर असावं.

गैरसमज ८ : गाडी माझी, बदल माझा, यात परवानगी कसली?

वस्तुस्थिती : सार्वजनिक रस्त्यावर धावणाऱ्या गाडीबाबत कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतले तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांहून वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पीयूसी मिळाली म्हणजे बदल मंजूर झाला, हाही भ्रम. ती चाचणी उभ्या गाडीची असते, पूर्ण भारावरचा धूर तिच्यात मोजला जात नाही. विमा कंपनीला न कळवलेला बदल हे दावा नाकारायचं कारण होऊ शकतं. अपघातात दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर ही गोष्ट फार जड जाते.

म्हणून काम हाती घेण्याआधी रत्नागिरीच्या आरटीओत लेखी विचारणा करा. परवानगी नसेल, तर ती गाडी फक्त बंद ट्रॅकसाठी ठेवा आणि तिथेही ट्रेलरवर न्या. ही काळजी उगाच नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. ओल्या वळणावर चाकांना अचानक मिळालेली जादा ताकद ब्रेक, टायर आणि चालक या तिघांची परीक्षा एकदम घेते. त्या रस्त्यावरून एसटी, दुचाक्या आणि शाळेची मुलंही जातात.

एवढं सगळं वाचून उत्साह मावळू नये, त्याला क्रम मिळावा. आधी इंजिनाची तपासणी, मग कूलिंग, मग इंधनपुरवठा, ब्रेक आणि टायर, नंतर ब्लोअर आणि इंटरकूलर, शेवटी कमी बूस्टवर ट्यूनिंग. आणि ज्याला आजच काही खरेदी करायचं असेल, त्याने वाइडबँड लॅम्डा मीटर घ्यावा. तो आहे त्याच गाडीला लावून महिनाभर आकडे टिपावेत. आपलं इंजिन चढाला, उन्हात आणि पावसात कसं जळतं हे ज्याला त्या आकड्यांतून वाचता येऊ लागलं, त्याने मग ब्लोअरची ऑर्डर द्यावी.